ट्रेकिंग पोल घेताना आधी लॉक पाहा, वजन मागाहून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८, उंची ५ फूट ४ इंच. महिन्यातून दोन रविवार सह्याद्रीत जातात आणि गेल्या दोन पावसाळ्यांपासून गड उतरताना उजवा गुडघा दुखू लागला आहे. नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरलेला आहे. तेव्हा ट्रेकिंग पोल, म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारी चालण्याची काठी, घ्यावा तर कार्बन फायबरचा की ॲल्युमिनियमचा, एक की दोन, आणि गावकऱ्यांच्या हातात असते तशी साधी काठी का चालू नये? गेली पंचवीस वर्षे मी लोकांना घेऊन डोंगरात जातो आहे आणि या काळात माझ्या स्वतःच्या हातांत पोलच्या पाच-सहा जोड्या झिजल्या आहेत. त्या अनुभवावर विसंबून हे उत्तर देतो. गुडघ्याचे दुखणे दोन वर्षे टिकून असेल, तर पोल घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे. पोल गुडघ्यावरचा भार हलका करतो, गुडघा दुरुस्त करत नाही.

भार किती हलका होतो, याचे उत्तर बऱ्यापैकी ठोस आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ पुरुषांना २५ अंशांच्या उतारावरून पोलसह आणि पोलविना चालवून गुडघ्यावरील बले मोजली होती. पोल वापरल्यावर ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरली. आकडा ऐकायला फार मोठा वाटणार नाही, पण एखादा गड उतरताना आपण काही हजार पावले टाकतो आणि यातले प्रत्येक पाऊल पाठीवरच्या सॅकसह गुडघ्यावर आदळत असते, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. मात्र हा फायदा उतारावर, दोन पोल घेऊन आणि त्यांवर खरोखर भार टाकून चालल्यावर मिळतो. नुसते हातात लोंबकळत ठेवलेले पोल गुडघ्यासाठी काही करत नाहीत.

त्यामुळे ‘एक की दोन’ याचे उत्तर तुमच्या बाबतीत निःसंशय दोन असे आहे. एकाच पोलवर भार टाकून उतरणारा माणूस नकळत एका बाजूला कलतो आणि दुखऱ्या गुडघ्याला वाचवता वाचवता संध्याकाळी कंबर धरून बसतो. साधी काठी मला मनापासून आवडते. वाटाड्या मामांच्या हातातली छातीपर्यंत येणारी वेळूची काठी हे पूर्ण विचारांती तयार झालेले साधन आहे. तिला पोलच्या नळ्या ठरल्या लांबीला धरून ठेवणारे लॉक नाही, त्यामुळे ते निसटत नाही. ती दोन्ही हातांनी धरून पुढे रोवता येते, साप-विंचवाची चाहूल घेत गवत बाजूला सारता येते आणि हरवली तर हळहळ वाटत नाही. एका दिवसाच्या ट्रेकला ती खुशाल घ्यावी. फक्त वाटेवरची ओली कारवी तोडून काठी करू नये. पण बेस कॅम्पच्या वाटेवर बारा दिवस दोन्ही हातांत दोन काठ्या वागवणे, चढाला आखूड आणि उताराला लांब करणे, विमानात नेणे हे तिच्याने होत नाही, आणि तुमची गरज नेमकी तीच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुकानात गेलेला माणूस पहिल्यांदा पोल हातात धरून त्याचे वजन अजमावतो आणि विक्रेताही ग्रॅमचे आकडे सांगू लागतो. माझ्या मते वजन हा चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा विचार आहे. पोलकडून आपल्याला सर्वांत मोठे काम उतारावर, तोल गेलेल्या क्षणी हवे असते आणि त्या क्षणी पोल दगा देतो तो बहुतेक वेळा लॉकच्या ठिकाणी. म्हणून पोल किती हलका आहे हे विचारण्याऐवजी तो कोठे आणि कसा फसेल, हे आधी विचारावे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची रचना मिळते. पहिल्या प्रकारात नळीत नळी सरकते आणि ती पिळून घट्ट करायची असते. आत प्लॅस्टिकची एक छोटी फुगणारी कडी असते. नळी फिरवली की मधला स्क्रू त्या कडीला फाकवतो आणि ती बाहेरच्या नळीला आतून आवळून धरते. ही रचना स्वस्त आणि हलकी आहे, आणि कोरड्या हवेत चांगले कामही देते. परंतु आपल्या पावसाळ्यात तिच्यात पाणी, बारीक माती आणि मुरमाची पूड शिरते. मग नळी कितीही पिळली तरी कडी नुसती गरगरत राहते. ऑगस्टमधल्या एका संततधार दिवशी तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना, रेलिंग संपल्यानंतरच्या घसाऱ्यावर मी डाव्या पोलवर पूर्ण भार टाकला आणि तो हातभर आत गेला. पडलो तो डोंगराच्या अंगाला, म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावले. सकाळी निघताना मी तोच पोल दोन वेळा पिळून पाहिला होता आणि तो घट्ट वाटला होता. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्या लोकांना मी पिळण्याच्या लॉकचे नवे पोल घ्यायला सांगत नाही. ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांनी मात्र एक युक्ती ध्यानात ठेवावी. नळी पूर्ण बाहेर काढून कोरडी पुसायची, कडी बोटांनी किंचित फाकेल इतकी फिरवायची आणि मग आत सरकवून पिळायची. बहुतेक वेळा ती पुन्हा धरते.

दुसरा प्रकार बाहेरून खटका असलेल्या लॉकचा. यात नळीभोवती एक पट्टी असते आणि छोटी दांडी मिटली की ती पट्टी नळीला आवळते. काही बिघडले तर ते डोळ्यांना दिसते, चिखल बोटाने पुसता येतो, हातमोजे घालूनही उघडबंद करता येते आणि सैल पडल्यास बाजूचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून पकड वाढवता येते. तुम्हाला माझी शिफारस याच प्रकाराची आहे. त्यातही दांडी धातूची असेल तर अधिक बरे, कारण प्लॅस्टिकची दांडी दगडावर आपटून तुटल्याचे मी पाहिले आहे. स्क्रू कशाने फिरतो, हे दुकानातच विचारून घ्यावे. काहींना नुसते बोट किंवा नाणे पुरते, काहींना बारीक षट्कोनी पाना लागतो. तो पाना मग प्रथमोपचाराच्या पाकिटात ठेवावा लागतो, घरी ड्रॉवरमध्ये नव्हे.

तिसरा प्रकार घडीच्या पोलचा. तंबूच्या कांबींप्रमाणे आतून दोरी असते आणि तीन तुकडे एकमेकांत बसवून ताण दिला की एक छोटे बटण बाहेर येऊन सगळे जखडते. मिटल्यावर हे पोल ३५ ते ४० सेंटिमीटरचे होतात, तर सरकत्या नळ्यांचे पोल मिटूनही साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास राहतात. बसमधून येणाऱ्या, लहान सॅक वापरणाऱ्या किंवा डोंगरात धावणाऱ्या माणसाला घडीचे पोल फार सोयीचे. मात्र त्यांतले पुष्कळसे एकाच लांबीचे असतात, आणि आतली दोरी तुटली तर वाटेत ती बदलणे जिकिरीचे होते. घडीचेच घ्यायचे असतील, तर वरच्या भागात खटक्याचे लॉक असून निदान १५-२० सेंटिमीटर लांबी बदलता येते असे घ्यावेत.

लॉकची परीक्षा दुकानातच करावी आणि त्यात संकोच बाळगू नये. पोल आपल्या नेहमीच्या लांबीला उघडा, टोकाखाली रबरी टोपी बसवा, दोन्ही तळहात मुठीवर एकावर एक ठेवून शरीराचा जमेल तेवढा भार सरळ खाली टाका. असे दोन्ही पोलवर आणि प्रत्येकी तीन-चार वेळा करा. दर वेळी लॉक उघडून पुन्हा बसवा. नळीवर आखलेली खूण मिलिमीटरभरही सरकली, तर स्क्रू आवळून पुन्हा पाहा. तरीही सरकत असेल तर ती जोडी परत ठेवा. नळीवर कमाल लांबीची एक रेघ असते. तिच्यापुढे नळी ओढून पोल लांब करणे म्हणजे आतला जोड अर्धवट ठेवणे होय, आणि तेथून पोल वाकतो किंवा तुटतोच.

कार्बन की ॲल्युमिनियम या प्रश्नावर तरुण ट्रेकर मंडळी हिरिरीने वाद घालतात. ॲल्युमिनियमच्या जोडीचे वजन साधारण ४५० ते ६०० ग्रॅम भरते, कार्बनच्या जोडीचे ३०० ते ४५० ग्रॅम. फरक दीड-दोनशे ग्रॅमचा आहे आणि तो हातात असल्यामुळे दिवसअखेर जाणवतो, हे मान्य. कार्बन दगडावर टेकल्याचा हादराही थोडा कमी पोहोचवतो. परंतु हे दोन पदार्थ मोडतात ते अगदी वेगळ्या तऱ्हेने. ॲल्युमिनियम वाकते. वाकलेला पोल मिटत नाही, पण त्याच्या आधाराने तुम्ही खालच्या गावापर्यंत येऊ शकता. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने येणारा भार उत्तम पेलते, पण बाजूने बसलेला आघात किंवा दगडाच्या कडेने पडलेली खोल चीर तिला सोसत नाही, आणि ती आधी काहीही न कळवता तुटते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत, जेथे घरंगळून आलेल्या धोंड्यांवरून तासन्‌तास जावे लागते, आमच्या एका सहकाऱ्याच्या कार्बन पोलचे टोक दोन धोंड्यांच्या फटीत अडकले. पाय पुढे गेला, शरीर पुढे गेले, पोल मात्र तेथेच राहिला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि हातात टोकदार तंतू बाहेर आलेला अर्धा तुकडा उरला. तो पोल चांगला होता, महागही होता. जागा त्याच्यासाठी नव्हती, एवढेच. आपल्या सह्याद्रीत फटी, नाळा आणि धोंडे यांची कमतरता नाही, म्हणून येथे मी ॲल्युमिनियमच वापरतो. त्यातही नळीवर ७०७५ असा मिश्रधातूचा क्रमांक असेल तर उत्तम, कारण तो ६०६१ या दुसऱ्या मिश्रधातूपेक्षा बराच मजबूत असतो. लांब, आखीव पायवाटांवर चालणाऱ्या आणि पोल जपून वापरणाऱ्या माणसाने कार्बन घेतला तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे. बूट घालून सपाट जमिनीवर उभे राहा, पोलचे टोक पावलाशेजारी टेकवा आणि मूठ धरा. कोपरात काटकोन झाला की लांबी बरोबर. अंदाजासाठी उंचीला ०.६८ ने गुणावे. तुमची उंची सुमारे १६३ सेंटिमीटर, म्हणजे ११० च्या जवळपास. सलग चढाला ती पाच सेंटिमीटर कमी करावी, उताराला पाच ते दहा वाढवावी. तेव्हा तुम्हाला १०० ते १२० हा पल्ला पुरेसा आहे. १०५ पासून सुरू होणारे काही पोल दिसतील, ते चढाला तुम्हाला जेमतेम ठरतील. छापील आकडे पहिल्या पावसाळ्यातच पुसट होतात. म्हणून मी चढ, सपाटी आणि उतार यांच्या तीन खुणांवर रंगीत चिकटपट्टीचा अगदी पातळ वेढा देतो. पहाटेच्या अंधारात डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात आकडे शोधावे लागत नाहीत.

मुठीसाठी बुचाच्या लाकडाची किंवा फोमची निवड करावी. नुसत्या रबराची मूठ घामेजल्या हाताला निसरडी होते आणि तळहाताला फोड आणते. मुठीखाली नळीवर आणखी वीतभर फोम असेल तर ती चैन समजू नये. आडव्या वाटेवर डोंगराच्या बाजूचा हात त्या फोमवर खाली सरकवला की लॉक न उघडताच पोल आखूड होतो. मुठीत स्प्रिंग बसवलेले पोलही मिळतात. मला त्यांचा उपयोग कधी जाणवला नाही, आणि बिघडणारी आणखी एक वस्तू मात्र वाढली.

पट्ट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दहातल्या आठ जणांचा पट्टा चुकीचा असतो. हात वरून पट्ट्यात घालून मूठ धरली की सगळा भार बोटांच्या पकडीवर येतो आणि तासाभरात पंजा आखडतो. हात पट्ट्यात खालून वर घालावा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरावी. पट्टा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून जाऊन मनगटाच्या मागे टेकला पाहिजे. आता बोटे सैल सोडली तरी मनगट खाली दाबता येते आणि भार पट्ट्यातून पोलवर जातो. उताराला तर तळहात सरळ मुठीच्या माथ्यावर ठेवला तरी चालतो. मात्र जेथे टोक फटीत अडकण्याची शक्यता आहे, जेथे ओढा ओलांडायचा आहे किंवा जेथे पडल्यास पोल फेकून हात मोकळा करावा लागेल, तेथे पट्टा आधीच काढून ठेवावा. पट्ट्यात अडकलेल्या हातानिशी पडलेल्या माणसाचा अंगठा सहसा दुखावतो.

टोक टंगस्टन कार्बाइडचे असते आणि ते मुरमाड वाटेवर, चिखलात, बर्फावर उत्तम धरते. कोरड्या कातळावर रबरी टोपी अधिक चांगली. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र दोन्हीही बेभरवशाची आहेत. तेथे पोल रोवायला खाच सापडली तरच त्यावर विसंबावे. रबरी टोपी पावसाळ्यात चिखल अलगद ओढून घेतो, आणि आपल्याला ते खाली उतरल्यावर कळते. जास्तीची जोडी सॅकमध्ये असू द्या. गडाच्या कोरीव पायऱ्यांवर, टाक्यांच्या काठांवर आणि चुन्याच्या जुन्या बांधकामावर टोपी न लावता पोल टेकवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. गर्दीच्या गडांच्या पायऱ्यांवर पोलच्या टोकांनी पडलेले पांढरे ओरखडे आता सहज दिसू लागले आहेत. टोकावरची चकती काढून टाकण्याची घाई करू नका. लहान चकती पोल चिखलात आणि फटीत फार खोल जाऊ देत नाही. मोठी चकती ताज्या बर्फासाठी असते. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला ती लागते, बेस कॅम्पला नोव्हेंबरमध्ये एरवी लागत नाही.

पोल केव्हा वापरायचे नाहीत, हे कळणे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिहरच्या खोबण्या असलेल्या उभ्या पायऱ्या, राजगडाच्या चोर दरवाजाआधीचा कातळटप्पा अशा ठिकाणी दोन्ही हात मोकळे हवेत. मनगटाला पोल लटकवून शिडी चढणारा माणूस स्वतःला आणि खालच्याला, दोघांनाही धोक्यात घालतो. टप्पा सुरू होण्याआधी थांबून, पोल मिटून, टोके झाकून सॅकला बांधावेत. बांधलेल्या पोलची टोके डोक्यामागे वर येऊ नयेत, कारण मागच्याचा डोळा त्याच उंचीवर असतो. शिवाय सदासर्वदा पोल घेऊन चालल्यास स्वतःचा तोल सांभाळण्याची शरीराची सवय मंदावते, असा इशारा आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय आयोगानेही दिलेला आहे. तेव्हा सोप्या, सपाट वाटेवर अधूनमधून पोल मिटून चालावे.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर तुमच्या गुडघ्याची खरी परीक्षा जाताना नव्हे, परतताना होते. जाताना उंचीशी जुळवून घेत आपण आठ-नऊ दिवस हळूहळू चढतो आणि परतताना ५,३६४ मीटरवरून, ट्रेक जेथून सुरू होतो त्या लुक्ला गावापर्यंतचा सुमारे २,५०० मीटरचा उतार तीन-चार दिवसांत संपवतो. त्यातही वाटेवरच्या नामचे गावाहून दूधकोसी नदीवरच्या उंच झुलत्या पुलापर्यंतचा सलग उतार धुळीचा आणि ओबडधोबड दगडी पायऱ्यांचा आहे. तेथे पोल लांब करून, आधी दोन्ही पोल खालच्या पायरीवर टेकवून मग पाऊल टाकायचे. वेग निम्मा होईल, तो होऊ द्यावा. झुलत्या पुलांवर मात्र पोल उचलून एका हातात घ्यावेत. पुलाच्या धातूच्या जाळीत टोक अडकते आणि मागून येणाऱ्या भारवाहकाला अर्ध्या पुलावर थांबावे लागते. याक किंवा खेचरांचा तांडा आला की पोल अंगाशी घेऊन डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही. पोलच्या वरच्या भागावर मीटर-दीड मीटर मजबूत चिकटपट्टी गुंडाळून न्या. फाटलेला बूट, सॅकचा उसवलेला पट्टा, तंबूच्या खुंटीचा आधार देऊन बांधलेला वाकडा पोल अशा अनेक गोष्टी तिने तात्पुरत्या तगतात. विमानप्रवासात पोल चेक-इन सामानातच द्यावेत, म्हणजे सुरक्षातपासणीत ते अडकणार नाहीत.

खरेदी नोव्हेंबरच्या तोंडावर न करता आत्ताच करा. पहिले दोन ट्रेक ओळखीच्या, सोप्या वाटांवर करा. राजमाची किंवा पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड चालेल. पहिल्या दिवशी हात आणि पाय यांचा मेळ बसत नाही, दंड भरून येतात आणि पोल पायांत येतात. हे सगळ्यांचेच होते, तिसऱ्या ट्रेकपर्यंत बसते.

घरी आल्यावर पोल मिटलेलेच कोपऱ्यात उभे करून ठेवू नयेत, ही चूक मी स्वतः केली आहे. एका पावसाळी ट्रेकनंतर ओले पोल तसेच कपाटात गेले आणि दिवाळीनंतर बाहेर काढले, तर मधली नळी हलेना. दोघांनी दोन्हीकडून ओढून ती सुटली, तेव्हा जोडावर ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी, पिठासारखी भुकटी साचलेली होती. ट्रेकवरून आल्यावर प्रत्येक नळी वेगळी करावी, साध्या पाण्याने धुवावी, आतून-बाहेरून पुसून रात्रभर सुटीच वाळू द्यावी आणि लॉक उघडे ठेवून जोडावी. आत तेल किंवा ग्रीस कधीही घालू नये, कारण लॉकचे काम घर्षणावर चालते आणि तेल लावलेले लॉक पुढच्याच उताराला निसटते.